मागचा दिवा

दिवाळी जवळ आली की आमच्या संपादकांना दिव्यांखेरीज दुसरे काही सुचत नाही. यंदाही त्यांचे पत्र आले : "नेहमीचे सदर चालू द्या, पण विषय दिव्याचा घ्या." आता पणती, समई, निरांजन आणि आकाशकंदील हे चारही दिवे माझ्याहून थोर लेखकांनी केव्हाच वाटून घेतलेले आहेत. दरवर्षी त्यांत तेल घालून ते पुन्हा लावले जातात, आणि वाचकही पुन्हा ओवाळून घेतात. माझ्या वाट्याला उरला तो मोटारीचा मागचा दिवा. तोही फुटलेला.

वाचकांपैकी जे या सदराकडे नियमाने वळतात त्यांना आमच्या अण्णांची पद्मिनी ठाऊक आहे. नव्या वाचकांसाठी सांगते : अण्णा म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले उपअभियंता, वय वर्षे एकोणऐंशी. पद्मिनी म्हणजे त्यांची १९९० सालची मोटार. मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कारखान्यात, इटलीच्या फियाटवरून बेतलेली ही गाडी तयार होई. तिचे नाव आधी फियाट, मग प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी असे बदलत गेले. आमच्याकडे मात्र तिला सर्वजण 'फियाट'च म्हणतात. माहेरच्या फाटकाच्या आत ती उभी असते, सकाळी अण्णांना रंकाळ्यावर फिरायला नेते, आणि मला कुठे परगावी व्याख्यानाला जायचे असले की माझ्या ताब्यात येते. आमच्या यजमानांची स्वतःची नवी गाडी आहे. परंतु तिच्यावर यजमानांचे जे प्रेम आहे ते पाहून ती मागण्याचे धाडस मला होत नाही.

गेल्या आषाढात मी सांगलीला व्याख्यानाला गेले होते. विषय होता, 'संतवाङ्मयातील प्रकाशाच्या प्रतिमा'. सव्वा तास मी ज्ञानदीप, आत्मज्योती आणि चिद्भास्कर यांच्यावर बोलले, श्रीफळ आणि शाल घेतली, आणि मागच्या बाकावर चौदा वर्षांच्या लेकीला निजवून रात्री साडेनवाला कोल्हापूरला निघाले. जयसिंगपूरपर्यंत रिमझिम होती. हातकणंगले मागे टाकले आणि पावसाने वाट धरली. रस्ता ओळखीचा, तेव्हा मी सावकाश चालले होते.

एकाएकी आरशात दोन मोठे दिवे झपाट्याने वाढत आले. पाठोपाठ ब्रेकचा तो किंचाळल्यासारखा आवाज, लांबलचक भोंगा, आणि एक ट्रक माझ्या उजव्या अंगाला अगदी हातभर अंतरावरून पुढे निघून गेला. त्याच्या चाकांचे पाणी काचेवर आले तेव्हा काही क्षण मला काहीच दिसले नाही. लेक जागी झाली आणि "आलं का घर?" म्हणाली.

ट्रक पुढे चहाच्या टपरीपाशी थांबला होता. मीही थांबले. भांडायचे म्हणून थांबले असे म्हणायला मला आवडेल, पण खरे म्हणजे पाय कापत होते. ट्रकवाला स्वतःच डोक्यावर पोते घेऊन आला. मला वाटले आता शिव्या येणार. तो म्हणाला, "बाई, मागं पांढरा दिवा लावून कुठं निघालाय? मला वाटलं समोरनं मोटारसायकल यायलीय. म्हटलं, ही आपली आपण बाजूला हुईल. जवळ आलो तर ती पाठमोरी! उजवीकडचा दिवा तर गेल्यालाच हाय तुमचा."

त्याने मला मागे नेऊन दाखवले. उजवा दिवा बंदच होता. डाव्या दिव्याची लाल काच मधोमध फुटून तिचा रुपयाएवढा तुकडा नाहीसा झाला होता, आणि त्या भोकातून आतला बल्ब आपला मूळचा पांढरा उजेड रस्त्यावर फेकत होता. भोवतीच्या काचेची लाली त्यापुढे नावालाच उरली होती.

एवढी वर्षे गाडी चालवूनही या साध्या गोष्टीचा मी कधी विचार केला नव्हता. गाडीच्या पुढचे दिवे पांढरे आणि मागचे लाल, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की अंधारात आपण वाहन पाहतच नाही, रंग पाहतो. पांढरे दिसले म्हणजे कोणी तरी आपल्याकडे येते आहे, लाल दिसले म्हणजे कोणी तरी आपल्या पुढे चालले आहे. मागच्या दिव्याचा बल्ब रंगीत नसतो. पुढचा आणि मागचा हा सारा भेद त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या लाल काचेने सांभाळलेला असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे असे लिहिले आहे. हे मी नंतर शोधून वाचले. त्या रात्री ट्रकवाल्याला माझा दिवा १५५ मीटरांवरून दिसला असेलही. फक्त तो दुसरेच काही सांगत होता.

त्या भल्या माणसाने ट्रकच्या हत्यारांच्या पेटीतून एक लाल पिशवी काढली, कुठल्याशा साडीच्या दुकानाची, आणि ती दिव्यावर गुंडाळून सुतळीने बांधून दिली. चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. "लेकरू हाय गाडीत," एवढेच म्हणाला आणि गेला. साडीच्या दुकानाच्या जाहिरातीतून गाळून आलेल्या तांबड्या उजेडात आम्ही कोल्हापूर गाठले.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर मी त्या दिव्यापाशी उकिडवी बसले, आणि तपासाला आरंभ केला. दुरून साधी वाटणारी ती फूट जवळून पाहता फार गुंतागुंतीची निघाली. भोकाच्या कडांना लाल चिकटपट्टीचे अवशेष लोंबत होते. म्हणजे कोणी तरी आधी पट्टी लावली होती, आणि ती पावसाने सुटली होती. पट्टीखाली भेगांवर कसला तरी चकचकीत लाल लेप होता. तो मी नखाने खरवडला, आणि रंग पाहून चकित झाले. माझ्या लेकीची नखे रंगवायची बाटली तीन आठवड्यांपूर्वी आजोळी हरवली होती. त्यावरून घरात बरेच रामायण घडले होते, आणि कामवाल्या मावशींवरही बिचाऱ्या नको ती नजर गेली होती. ती बाटली इथे, मोटारीच्या पार्श्वभागी खर्ची पडली होती!

मी आईला विचारले. आई म्हणाली, "मला काय ठाऊक तुमच्या मोटारी!" अण्णांना विचारले. ते वर्तमानपत्र वाचत होते. "कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकलं असेल," असे ते वर्तमानपत्रातूनच म्हणाले. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला, गळतीबद्दल कोणी विचारले असता काय उत्तर द्यायचे याचा चांगला सराव असतो.

तेव्हा मी गाडी घेऊन उद्यमनगरात गेले. आमचे मिस्त्री तिथे बारा बाय दहाच्या खोलीत बसतात, आणि कोल्हापुरातल्या ज्या काही पद्मिन्या अजून चालत्या आहेत त्यांच्या साऱ्या कुंडल्या त्यांना मुखोद्गत आहेत. ते खाली वाकले, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला, आणि हवालदाराने पंचनामा सांगावा तसे सांगू लागले.

"मॅडम, ह्या ग्लासला दोन आजार हैत. ही बारीक चीर बघा, स्क्रूच्या भोकातनं निघालीय. ही आवळून आल्याली. आन् हा मधला टवका, हा धडकून उडालाय."

इथे एक व्याकरणाची गोष्ट सांगून टाकते, कारण ती सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. मिस्त्री तिला 'ग्लास' म्हणतात, मी 'काच' म्हणते, आणि ती दोन्ही नाही. पूर्वीच्या गाड्यांच्या पुढच्या दिव्यांना खरोखरीची काच असे. आमच्या फियाटला ती अजून आहे. मागच्या दिव्यांची ही लाल काच मात्र प्लॅस्टिकची, बहुतेक वेळी ॲक्रिलिकची असते. वस्तू बदलली तरी शब्द बदलला नाही. भाषेत हे नेहमीच घडते, आणि आम्हां मास्तरांची पोटे त्यावरच भरतात. पण इथे त्या शब्दाने आमचे नुकसान केले होते, कारण काचेला जे चालते ते ॲक्रिलिकला चालत नाही.

मिस्त्रींनी ते समजावून दिले. दिव्याची काच आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये रबराची एक पट्टी असते. उन्हातान्हाने ती वाळते, कडक होते, आणि मग पावसाचे पाणी आत शिरू लागते. पाणी आत दिसले की शहाणा माणूस काय करतो? स्क्रू आणखी आवळतो. रबरात दबायची शक्ती उरलेली नसते, म्हणून तो सारा जोर काचेवर येतो. वरून दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा. एक दिवस स्क्रूच्या भोकापासून केसाएवढी चीर निघते. त्या चिरेतून अधिक पाणी येते, म्हणून माणूस स्क्रू अधिक आवळतो. दोष रबराचा, आणि शिक्षा काचेला.

"स्क्रू कोण आवळतंय?" मिस्त्रींनी विचारले. मी उत्तर दिले नाही. आमच्या घरात पाना आणि पेचकस यांना हात लावण्याचा अधिकार फक्त एका माणसाला आहे.

"आन् हे नेलपॉलिश कुणी लावलं?" त्यांनी तो लेप थिनरच्या जवळही न नेता, नुसत्या साबणाच्या पाण्याने आणि लाकडी काडीने हळूहळू काढला. खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक तडे गेले होते. नखे रंगवायच्या रंगात जे द्रावण असते ते ॲक्रिलिकला खाते. थिनरही तसाच खातो. म्हणजे जखमेवर जे औषध लावले त्यानेच जखम पसरली.

डागडुजीचे उपाय आहेत, नाहीत असे नाही. मिस्त्रींनी चिरेच्या टोकाला दाभणाएवढे बारीक भोक पाडले. चीर त्या भोकापर्यंत येऊन थांबते, पुढे सरकत नाही, कारण तिचे टोकदार तोंड तिथे बोथट होते. मग मला शेजारच्या पाट्या करणाऱ्याकडे पाठवले. दुकानांच्या पाट्यांची ॲक्रिलिकची अक्षरे जोडण्यासाठी तो क्लोरोफॉर्म वापरतो. त्याने लाल ॲक्रिलिकचा एक तुकडा कापून भोकात बसवला, सुईने कडेकडेने ते द्रावण सोडले, आणि दोन्ही कडा विरघळून एकमेकींत मिसळल्या. तो दुकानाची दारे-खिडक्या उघडी ठेवून हे काम करीत होता आणि मला त्याने बाहेर उभे केले, तेही बरोबरच, कारण ते सुंगण्याची वस्तू नव्हे. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर भोवती पांढुरकी वाफ धरते आणि उजेड अंधूक होतो, असे त्याने सांगितले. लाल चिकटपट्टी ही रस्त्यावरून घर गाठण्यापुरती. एका पावसात ती काय होते ते मी पाहिलेच होते.

पण नेलपॉलिशने जिचे जाळे झाले होते त्या काचेला जोड देऊन किती दिवस जाणार! शिवाय १९९० ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवावी लागते, आणि ती पाळी यंदाच, २०२५ साली, आली होती. साहेब दिवे पाहतोच. नवी काच हवी होती.

नव्या गाड्यांचे बरे आहे की वाईट हे मला ठरवता येत नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या गाडीचा मागचा दिवा कॉलेजच्या आवारात फुटला, तर त्यांना काच वेगळी मिळालीच नाही. ती दिव्याशी कारखान्यातच जोडलेली असते, तेव्हा अख्खा दिवा घ्यावा लागला. त्या बिलाचा आकडा त्यांनी स्टाफरूममध्ये अर्थशास्त्रज्ञाला न शोभेल इतक्या वेळा सांगितला. त्यांच्या पुढच्या दिव्यांच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या. त्या सहसा फुटत नाहीत, पण उन्हाने पिवळ्या आणि धुरकट होतात. ओल्या बारीक पॉलिश-पेपरने घासून त्या पुन्हा स्वच्छ निघतात, मात्र घासताना वरचा उन्हापासून राखणारा थरही जातो. तो थर पुन्हा दिला नाही तर थोड्याच महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. टूथपेस्टने घासण्याचा उपाय सर्वांना ठाऊक असतो. तो दातांसाठीच राखून ठेवावा.

श्रावणात मला पेपर तपासण्यासाठी पुण्याला जावे लागले. एका दुपारी सुटका करून घेऊन मी नाना पेठेत गेले. तिथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने एकाला एक लागून आहेत. प्रत्येक दुकानदार आधी "कोणत्या सालची?" विचारी, मी "नव्वद" म्हणे, आणि तो माझ्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाही. पाचव्या की सहाव्या दुकानातले म्हातारे मालक मात्र उठून माळ्यावर चढले.

"मुंबईच्या टॅक्सी होत्या तोवर हा माल होता, मॅडम," ते वरूनच बोलू लागले. "काळ्या-पिवळ्या सगळ्या पद्मिनीच. तिथं ठोकाठोकी रोजची. डझनावारी ग्लास जायच्या." टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या सगळ्या रस्त्यावरून गेल्या. वर्तमानपत्रांत तेव्हा त्यांच्यावर हळवे लेख आले होते, आणि मीही या सदरात एक लिहिला होता. त्या टॅक्सींबरोबर काचाही जातील हे मात्र तेव्हा माझ्या मनात आले नव्हते.

म्हाताऱ्यांनी दोन काचा खाली आणल्या. एक कोरी करकरीत, प्लॅस्टिकच्या पिशवीतली. दुसरी जुनी, कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीची, धुळीने माखलेली. मी अर्थातच कोरी उचलली. त्यांनी काही न बोलता गल्ल्याखालचा बल्ब ओढला आणि आधी कोरीच्या मागे धरला. उजेड गुलाबी आला. रंग पातळ होता. ऊन लागून तो वर्षभरात आणखी फिका होतो, असे ते म्हणाले. मग जुनी काच शर्टाच्या बाहीला पुसून तिच्यामागे बल्ब धरला. दुकानातल्या डब्यांवर गर्द तांबडा उजेड पडला.

"ही चारशे, ती दीडशे," ते म्हणाले. मी जुनी घेतली. घासाघीस केली नाही, हे यजमानांना सांगितलेले नाही.

उद्यमनगरात ती बसवायला तासभर लागला. त्यातली पन्नास मिनिटे काचेसाठी नव्हतीच. मिस्त्रींनी बल्बचे घर उघडले तर आत पितळेवर हिरवे कीट चढले होते. पाणी शिरल्यावर काच फुटण्याआधीच हे होते, आणि मग दिवा लागतो-न-लागतो करू लागतो. उजवीकडचा बल्ब त्यानेच गेला होता. त्यांनी ते पॉलिश-पेपरने घासले, पत्र्याशी जोडलेली तार खरवडून पुन्हा आवळली, दोन्हीकडे नवे बल्ब घातले. या बल्बमध्ये दोन तारा असतात : पाच वॅटची रात्रभर जळायला, एकवीस वॅटची ब्रेक दाबला की पेटायला. मग नवी रबराची पट्टी. दिव्याच्या तळाशी एक बारीक भोक असते, ते त्यांनी काडीने मोकळे केले. आत साचलेला ओलावा त्यातून निघून जातो. हुशार लोक ते छिद्र गळती समजून लांबी भरून बुजवतात. (आमच्याकडे ते बुजवलेले होते.) शेवटी स्क्रू. ते त्यांनी पेचकस तळहातात न धरता दोन बोटांत धरून फिरवले, आणि हाताला जरासा अडथळा लागताच सोडून दिले.

"अण्णास्नी सांगा," ते म्हणाले, "इथनं फुडं एक फेराबी न्हाई."

अण्णांना त्यांनी कसे ओळखले हे मी विचारले नाही.

संध्याकाळी मी गाडी फाटकातून आत घेतली. आमच्या फाटकाला दोन दगडी खांब आहेत. उतरताना माझी नजर डाव्या खांबावर गेली. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर दगडावर एक ओरखडा होता, आणि ओरखड्याच्या खाचेत तांबड्या प्लॅस्टिकची चमकी अडकली होती. हा खांब अण्णांनी स्वतः उभा राहून बांधून घेतलेला. त्याच्या शेजारून त्यांनी ही गाडी पस्तीस वर्षे मागे घेतली आहे. रात्री, पावसात, एकदा तर हाताला प्लास्टर असताना.

मी चमकी काढून पदरात बांधली. अण्णा पायऱ्यांवर येऊन उभे होते.

"बसवली का? जमली का त्याला?"

"जमली."

"जमली म्हणून चालत नाही. बघायला पाहिजे. तू बस आत. मी मागं उभा राहतो, तू ब्रेक दाब."

हा आमच्या घरातला जुना विधी आहे. मी सातवीत असल्यापासून गाडीच्या मागे मी उभी राहायची आणि अण्णा आत बसून ब्रेक दाबायचे. मी ओरडून सांगायची, "लागला!" मग ते पाय उचलायचे, मी म्हणायची, "गेला!" डावा, उजवा, मागे घ्यायचा पांढरा, सगळ्यांची हजेरी व्हायची. जागा उलट्या कधी झाल्या नव्हत्या. मी आत बसले. काचेतून मागे पाहिले. अण्णा त्या डाव्या खांबाला टेकून उभे होते, गाडीपासून सात-आठ फुटांवर. अंधार पडू लागला होता. मी चप्पल काढली, कारण ओली होती, आणि पाय ब्रेककडे नेऊ लागले.

"लागला!" अण्णा म्हणाले.

माझा पाय अजून ब्रेकवर पडला नव्हता.

काय करावे मला सुचेना. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. म्हणजे तिला हे ठाऊक होते. मी खिडकीतून डोके बाहेर काढले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटले, "अण्णा, मी अजून दाबला नाही."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आता दाब."

मी दाबला. अण्णा खांबापासून हलले, एकेक पाऊल टाकत दिव्यापाशी आले, खाली वाकले, आणि आपला हात काचेसमोर उघडा धरला. तळहात तांबडा झाला. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, पुन्हा काचेजवळ नेला.

"लागला," ते म्हणाले. "रंग चांगला आहे. ही जुनी आहे ना?"

"जुनी आहे."

"तरीच."

त्यांच्या वाहन परवान्याची मुदत अजून दीड वर्ष होती. कायद्याने ते उद्या सकाळीही रंकाळ्याला जाऊ शकत होते. रात्री मी निघाले तेव्हा माझ्या पर्सवर गाडीची किल्ली ठेवलेली होती. ती कोणी ठेवली हे कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पदरातली चमकी मी फाटकाबाहेर आल्यावर टाकून दिली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात पिकलेला. त्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची दिवाळीनंतर आहे. डॉक्टर म्हणतात दिसेल, गाडी चालवण्याचे मात्र दुसऱ्या डोळ्यानंतर पाहू. अण्णांनी त्यावर मान हलवली आहे. होकाराने की नकाराने हे डॉक्टरांना कळले असेल, मला कळलेले नाही. लेकीला त्यांनी तीन बाटल्या नेलपॉलिश आणून दिले, तिन्ही लाल. ती म्हणते, "आजोबा, हा रंग आता कोणी लावत नाही."

पुनर्नोंदणीच्या दिवशी परिवहन कार्यालयात मी गाडी चालवत नेली आणि अण्णा शेजारी बसले. साहेबांनी मागे उभे राहून ब्रेक दाबायला सांगितला, डावा-उजवा पाहिला आणि कागदावर खूण केली. येताना अण्णा एकही शब्द बोलले नाहीत. फक्त दर वळणावर, माझा पाय जाण्याआधी, त्यांचा उजवा पाय खालच्या पायपुसण्यावर दाबला जात होता, आणि शिवाजी पुतळ्याच्या चौकात तर इतक्या जोराने की पायपुसणे सरकून पुढे गेले.

"अण्णा," मी म्हटले, "तिकडे ब्रेक नाही."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "तू आपला दाब."